झिप उघडते, पण फाइलींची नावे वाचता येत नाहीत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘सर्व डाउनलोड करा’मधून मिळणारी सदोष झिप फाइल

महोदय/महोदया,

आमच्या दिवाळी अंकाचे सगळे साहित्य आम्ही तुमच्या क्लाउडवर, वार्षिक शुल्क भरून ठेवतो. छपाईसाठी पूर्ण फोल्डर झिपच्या रूपात (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली एकच फाइल) उतरवला, तर विंडोजवर एकाही फाइलचे नाव मराठीत दिसेना. ‘संपादकीय’च्या जागी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग आणखी एक चिन्ह, पुन्हा अल्फा, पुन्हा एन. मात्रा-अनुस्वार धरून आठ चिन्हांच्या त्या नावाची अशी चोवीस चिन्हे झाली. नावे तिप्पट लांबल्यामुळे आतल्या फोल्डरांतल्या काही फाइलींचा पाथ (फोल्डरांच्या नावांसह पूर्ण पत्ता) विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेला आणि त्या सुट्याच होत नाहीत.

तुमच्या प्रतिनिधींचे उत्तर : ‘आमच्या मॅकवर व्यवस्थित उघडते, तुमच्याकडे मराठी फॉन्ट नसेल.’ फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते, अल्फा नव्हे. शिवाय अख्खा अंक याच संगणकावर लागतो!

दोष तुमच्या सर्व्हरवर तयार होणाऱ्या झिपमध्ये आहे. झिप हा फाइल-प्रकार १९८९ सालचा, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या जमान्यातला. त्यात नावे मुळात कोड पेज ४३७ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरे नसलेल्या जुन्या चिन्ह-तक्त्यात, धरली जातात. नाव यूटीएफ-८ मध्ये (मराठीसह सगळ्या लिप्या लिहिण्याची पद्धत) आहे हे सांगण्यासाठी २००६ पासून प्रत्येक फाइलीच्या नोंदीत ११ क्रमांकाचा बिट (शून्य किंवा एक असणारी खूण) ठरवून दिलेला आहे. तुमचा सर्व्हर नावे यूटीएफ-८ मध्ये लिहितो, पण तो बिट शून्यच ठेवतो. मॅक अंदाजाने ओळखतो, विंडोज ओळखत नाही. आमच्या डीटीपीवाल्यांनी सेव्हन-झिप या झिप उघडण्या-बांधण्याच्या प्रोग्रामला कोड पेज ६५००१ (म्हणजेच यूटीएफ-८) सांगून हीच फाइल उघडली, तर सगळी नावे जशीच्या तशी आली. तोच फोल्डर आम्ही इथे सेव्हन-झिपने बांधला, तो मॅक आणि विंडोज दोन्हींवर नीट उघडतो.

तेव्हा तोडगा आहे, पण तो कमांड लिहून करावा लागतो. लिंकवरून प्रुफे उतरवणाऱ्या सत्तरीच्या कवींना तो फोनवर कसा समजावायचा, हे तुमच्या प्रतिनिधींनीच सांगावे.

कृपया हे पत्र फॉन्टवाल्यांकडे नव्हे, झिप बनवणारा कोड सांभाळणाऱ्यांकडे पाठवा. दुरुस्ती किती दिवसांत होईल ते लेखी कळवा आणि तोवर ही अडचण मदत-पानावर नोंदवा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास योजना रद्द करून उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत करावे. सदोष झिप आणि दोन्ही संगणकांवरचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक
(संपादक, दिवाळी अंक)