आत्याचं नाव

वेंगुर्ले

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आत्याचं लग्न 1988 सालीच झालं, तिचं नाव सातबाऱ्यावर कशाला? स्टँपवर सही घेऊन टाकू." मी गप्प राहिलो, पण रात्रभर डोळा लागला नाही.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. वारस तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असतात. मी ते केलं नाही, ही माझी चूक. आता नोंद करायची ती दोघांच्या नावानं, माझ्या आणि आत्याच्या.

लग्नाचं तू ऐकलंस ते अगदीच खोटं नाही. आपल्या राज्यानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. मुलगी जन्मापासूनच मुलाएवढी वाटेकरी. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं. आणि कातळावरचा तुकडा तर आजोबांनी स्वतः घेतलेला. त्यात मुलीला वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. सातबाऱ्यावरून नाव गाळलं म्हणून तिचा हक्क बुडत नाही. तो महसुलाचा उतारा आहे, मालकी त्यानं ठरत नाही.

तिला स्वखुशीनं सोडायचं असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या स्टँपवरच्या सहीला अर्थ नाही. पण मी तिला ते विचारणार नाही. ज्या कलमांचे आंबे तू मुंबईत मित्रांना वाटतोस, ती लावली तेव्हा पहिले तीन उन्हाळे व्हाळावरून कळशीनं पाणी तिनं आणलं. मी शिकायला सावंतवाडीला होतो. तिच्या डोक्यावरच्या चुंबळीचा कागद कुठल्याच कचेरीत नाही, मला मात्र ती दिसते.

दुसरं, आगराच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, कुलूप घालायचं तू म्हणालास. खालच्या वाडीतली माणसं किनाऱ्यावर जायला आपल्या आगरातूनच वाट काढतात, माझ्या लहानपणापासून. वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, अडथळ्याशिवाय वापरलेल्या वाटेवर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं त्यांचा हक्क तयार होतो. वाट अडवली तर ते तहसीलदाराकडे जातील आणि तो अडथळा काढायला लावू शकतो. ती वेळ येण्याआधी मलाच लाज वाटेल. दगडांचा गडगा कोसळलाय तो आपण बांधू, घरपट्टी थकलीय ती मी या आठवड्यात भरतो.

आंबा-फणसाला परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही, हे त्या जागा बघायला येणाऱ्या माणसाला सांगून ठेव.

गणपतीला येशील तेव्हा आत्याही येतेय. तिच्या आधार कार्डाची प्रत मी मागवलीय. आजोबांचा मृत्यूदाखला कपाटात वरच्या खणात आहे. तलाठ्याकडे आपण तिघं मिळून जाऊ.

तुझा,
बाबा