चावताना न दुखणारी दाढ

प्रिय डॉक्टर,

तुम्ही माझा एकही दात काढला नाहीत, एकही भरला नाहीत, आणि मी पुढे केलेली पाचशेची नोट "काही केलंच नाही ना काकू" म्हणत परत माझ्या पर्समध्ये कोंबलीत. आभार मानायला फोन केला तर म्हणालात, "मी फक्त एक प्रश्न विचारला." त्या प्रश्नाबद्दल चार लोकांसमोर लिहावं असं ठरवलं. नाव लिहायचं नाही ही तुमची अट, ती पाळते.

दुखण्याची सुरुवात अनंत चतुर्दशीच्या रात्री झाली. दरवर्षीप्रमाणे इंदुरातल्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, बघायला आम्ही दोघं निघालो होतो. गर्दीतून भराभर चालताना डाव्या बाजूचा खालचा जबडा जड झाला. कळ नव्हे, ठणकाही नव्हे. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. एका ओट्यावर टेकले, पाच मिनिटांत सगळं ठीक. यांना म्हटलं, दाढ दिसतेय. मग नवरात्रात, मग दिवाळीच्या खरेदीत, मग रामबागेतल्या आमच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढताना, रोजच. मध्येच एका ठिकाणी जाऊन त्या बाजूच्या दाढेची रूट कॅनालही करून आले. दाढेला टोपी बसली, दुखणं तसंच राहिलं. आमच्या भजनी मंडळात निदान पक्कं होतं: गॅस. ओवा झाला, हिंग झाला, सकाळची उपाशीपोटीची गोळी झाली. कुणाला दोष देत नाही. मी स्वतः तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, मलाही कळलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

तुमच्याकडे आले ती गराडूंचे, म्हणजे आमच्याकडच्या थंडीतल्या तळून खायच्या कंदाचे, दिवस सुरू झाल्यावर. तुम्ही आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहिलात, बर्फगार कापूस लावून पाहिलात, एक्स-रे काढलात, हिरड्या चाचपल्यात. मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि मनात हिशेब चाललेला की आता दुसऱ्या रूट कॅनालचे किती सांगतात. तर तुम्ही हातमोजे काढलेत, स्टूल ओढून समोर बसलात आणि विचारलंत, "दुखतं कधी?"

मी सांगितलं. जिना चढताना, भराभर चालताना, परवा जेवून लगेच निघाले तेव्हा जास्त.

"आणि चावताना?"

चावताना नाही. कालच गराडू खाल्ले होते, तेही कुरकुरीत तळलेले.

तुमचं पुढचं वाक्य मी आता मंडळातल्या प्रत्येक बाईला ऐकवते. "काकू, चावताना दुखत नाही आणि जिना चढताना दुखतं, असा दात मी अजून पाहिलेला नाही."

मग मधुमेह किती वर्षं, घाम येतो का, वडिलांना काय झालं होतं, असं विचारत गेलात. नऊ वर्षं, हो, आणि वडील छप्पन्नाव्या वर्षी झोपेत गेले. तुम्ही उठून बाहेरच्या तीन पेशंटना थांबायला सांगितलंत आणि तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला माझ्याबरोबर रिक्षात घालून ईसीजी काढायला धाडलंत. "पायी नाही हं," एवढं दोनदा बजावलंत. अंतर तर हाकेचं होतं.

ईसीजी नॉर्मल आला.

मला इतका आनंद झाला की त्या मुलीला म्हटलं, चल, पोहे-जिलबी खाऊ. तिने तुम्हाला फोन लावला. तुम्ही फोनवर जे बोललात ते मी वर्गात शिकवायला हवं होतं. "आत्ता दुखतंय का? नाही ना? मग आत्ताचा कागद नॉर्मलच येणार."

ईसीजीची ओळख मुलांना मीच करून द्यायचे. हातापायांना चार आणि छातीवर सहा असे दहा चिकटे, त्यांतून हृदयाच्या विजेकडे बारा बाजूंनी बघायचं. हॉलंडच्या आइंटहोवेनने हे यंत्र बनवलं तेव्हा माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं. पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावंही त्याचीच, आणि 1924 चं नोबेलही त्यालाच. हे सगळं मला पाठ होतं. पण तो कागद म्हणजे त्या दहा सेकंदांची नोंद आहे आणि माझं हृदय त्या दहा सेकंदांत आरामात पडून होतं, एवढी साधी गोष्ट मनात उतरली नव्हती.

आता माझी कबुली. इंदुरात शाळा हिंदी, घर मराठी. हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे म्हणजे फळ्यावर अलिंद आणि निलय, घरी मुलाचा अभ्यास घेताना कर्णिका आणि जवनिका. हृदयाकडून रक्त नेणारी आणि हृदयाकडे आणणारी नळी म्हणजे शाळेत धमनी आणि शिरा, घरी रोहिणी आणि नीला. (मुलगा विचारायचा, या दोघी कोण? दोन मावश्यांची नावं वाटतातच.) आईच्या तोंडी तर एकच शब्द, काळीज, आणि मटणाच्या दुकानात तो यकृताला लागतो. तर दरवर्षी मी लाल आणि निळ्या खडूने हृदय काढायचे. चार कप्पे, चार झडपा. आकृतीतलं डावं ते आपल्या उजवीकडे का, हे दरवर्षी एक तरी मूल विचारायचंच. डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड दाखवली नाही तर अर्धा गुण कापायचे, कारण उजवीला रक्त शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचंय आणि डावीला टाळूपासून तळपायापर्यंत. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला पाच लिटर, दिवसाला लाखभर ठोके. मुलं आकडे ऐकून डोळे मोठे करायची.

आणि हे सगळं रक्त ज्याच्यातून जातं, ते हृदय स्वतः काय खातं? आतून वाहणाऱ्या रक्तातून त्या जाड भिंतीला जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यासाठी बाहेरून दोन वेगळ्या रोहिण्या येतात, कोरोनरी. आमच्या आकृतीत त्या नव्हत्या. कुणी विचारलंच तर म्हणायचे, परीक्षेला येत नाही, पुढे चला.

या दोन रोहिण्या महारोहिणीच्या, म्हणजे डाव्या जवनिकेतून निघणाऱ्या मुख्य नळीच्या, अगदी मुळाशी, झडपेच्या लगेच वर फुटतात. त्याच तिच्या पहिल्या फांद्या. म्हणजे सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या गृहिणीची उपमा इथे चालत नाही. हृदय पहिलं ताट स्वतःचं वाढून घेतं. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण बसल्या जागीसुद्धा ते पाच टक्के रक्त घेतं. अडचण वेळेची आहे. डावी भिंत आवळते तेव्हा तिच्यातून जाणाऱ्या बारीक नळ्याही दाबल्या जातात, म्हणून तिचं जेवण मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात होतं. आपण जिना चढतो तेव्हा ठोके वाढतात, म्हणजे भूक वाढते. आणि ठोके वाढले की विसावा आखूड होतो, म्हणजे जेवायला वेळ कमी. निरोगी रोहिणी रुंदावते आणि कित्येक पट रक्त पुरवून हे निभावते. आत चरबीचा थर साचून अरुंद झालेली रोहिणी बसल्या माणसाचं भागवते, चढणाऱ्याचं भागवू शकत नाही. माझ्या तीन मजल्यांचा हिशेब इतका सरळ होता.

तुमच्या सांगण्यावरून यांनी मला त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ट्रोपोनिन तपासलं. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, स्नायूला इजा झाली की रक्तात गळतं, म्हणून झटका आलाय का ते कळतं. काही तासांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा ठीक. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा ठीक, डावी जवनिका दर ठोक्याला आतलं साठ टक्के रक्त बाहेर टाकतेय, तेही ठीक. आमचे हे म्हणू लागले, बघ, उगीच. मलाही तुमच्यावर थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग आला तो ट्रेडमिलचा चालता पट्टा, अंगावर ईसीजीचे चिकटे लावून. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. पहिला टप्पा मजेत गेला. दुसऱ्यात जबड्याने तोंड वर काढलं, अगदी ओळखीच्या पाहुण्यासारखं, आणि त्याच क्षणी पडद्यावर एसटीची, म्हणजे एस आणि टी या लाटांमधली, रेघ खाली बसली. तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "बस आंटीजी, हो गया," आणि त्याने पट्टा थांबवला. जबडा धरला की रेघ खाली आणि सुटला की वर, हे मी स्वतः पाहिलं. तुमच्या प्रश्नाचंच उत्तर होतं ते, कागदावर छापून आलेलं.

अँजिओग्राफी, म्हणजे रोहिण्यांत औषध सोडून त्यांचा एक्स-रे, मनगटातून केली. मी जागी होते. झोपल्या झोपल्या मला फोर्समन आठवत होता. 1929 साली जर्मनीतल्या या पंचविशीच्या डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून नळी आत सरकवत हृदयापर्यंत नेली आणि तशीच घेऊन चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. वर्गात हे सांगताना मागचे बाकसुद्धा गप्प व्हायचे. इथे माझ्या मनगटातून नळी जात होती आणि मला फक्त गारसं काहीतरी जाणवत होतं.

डॉक्टर म्हणाले, मॅडम, बघायचंय? औषध सोडलं आणि पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या, पानं झडलेल्या झाडासारख्या, ठोक्याबरोबर डुलणाऱ्या. मी कप्पे शोधत होते. झडपा शोधत होते. काहीच नव्हतं. तेहतीस वर्षं मी जे काढलं त्यातलं काही पडद्यावर नव्हतं, आणि जे सोडून दिलं फक्त तेवढंच होतं. हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून उतरणाऱ्या डाव्या फांदीत, तिला हे लोक एलएडी म्हणतात, वरच्या भागात एके जागी दोऱ्याला गाठ मारल्यासारखी चिमट. नव्वद टक्के. तिथेच फुगा फुगवून औषध लावलेली जाळी बसवली. फुग्याने रोहिणी उघडण्याचं हे काम पहिल्यांदा 1977 साली झुरिकमध्ये झालं, तेव्हा मी शाळेत होते, फळ्याच्या दुसऱ्या बाजूला.

मग जबडाच का? परत घरी आल्यावर हा प्रश्न मला झोपू देईना. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच दिंडी दरवाजा आणि एकच कडी असते. कडी वाजली की आतल्याला वाटतं, रोज ज्यांच्याकडे लोक येतात त्यांच्याकडेच कुणी आलं. हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या तारा आणि जबडा, खांदा, हात यांच्याकडून येणाऱ्या तारा मेंदूकडे जाताना वाटेतल्या सामाईक चौक्यांवर एकत्र येतात. दात जन्मभर तक्रार करत आलेले, हृदय कधीच नाही. मेंदू अंदाजाने जबड्याचं नाव घेतो. बायकांमध्येही छातीतला दाब हेच मुख्य लक्षण असतं, पण जबडा, पाठ, मळमळ, दम यांची गर्दी जास्त. त्यात मधुमेहाने तारा बोथट झालेल्या. म्हणून भजनी मंडळातला गॅस.

आणि तुमचा प्रश्न किती जुना आहे, तेही आता वाचलं. 1768 मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डनने डॉक्टरांच्या सभेत हेच दुखणं सांगितलं होतं: चालताना धरतं, चढावर आणि जेवणानंतर जास्त, उभं राहिलं की जातं. ईसीजी नव्हता, स्टेथोस्कोपसुद्धा 1816 मधला. त्याच्याकडे पेशंट होते आणि "कधी दुखतं" हा प्रश्न होता. तुमच्याकडे लाखोंची खुर्ची आणि एक्स-रे असूनही तुम्ही तोच विचारलात, आणि एका रूट कॅनालचे पैसे सोडलेत.

सोसायटीतली एक दहावीची मुलगी परवा हृदयाची आकृती घेऊन आली होती. आधी बाहेरच्या दोन रोहिण्या काढून घेतल्या, मग कप्पे. ती म्हणाली, आजी, हे येत नाही परीक्षेला. म्हटलं, काढ.

ता. क. : आता उजवीकडची वरची दाढ खरंच दुखतेय. चावताना, आणि थंड लागलं की. जिना चढताना मुळीच नाही, तीन मजले दोनदा चढून तपासलं. रक्त गोठू नये म्हणून दोन गोळ्या चालू आहेत आणि त्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा काढायची वेळ आली तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. मंगळवारी अकराला येते. या वेळी फी घ्यावी लागेल.

तुमची,
रामबागेतली दाढवाली काकू
इंदूर