भाड्याच्या खोलीतल्या मतदाराच्या दारापर्यंत या

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य
यांस,

सविनय नमस्कार.

मी घणसोलीत राहते. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते आणि नोकरीत असताना काही वर्षे बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, कामही केले. याद्या काखेत घेऊन जिने चढायचे, कुलूप बघून परत फिरायचे, शाळा सुटल्यावर पुन्हा त्याच दारात जायचे, हे मी केलेले आहे. त्यामुळे बीएलओंवर ठपका ठेवायला हे पत्र लिहीत नाही. निवृत्तीनंतर मी शेजारपाजारच्या लोकांना मतदार नोंदणीचे अर्ज भरून देते. त्यात सगळे घोडे एकाच ठिकाणी अडते, राहण्याच्या पुराव्यापाशी.

आमचे गावठाण घ्या, दिघा घ्या, तुर्भे स्टोअर घ्या. भाड्याने राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांकडे नोंदणी केलेला करार नसतो. डिपॉझिट तोंडी बोलीवर, भाडे रोख, लाइट बिल घरमालकाच्या नावावर. आधार कार्डावर गावचा पत्ता, साताऱ्याचा नाहीतर जालन्याचा. अकरा महिने झाले की खोली बदलते. मालकाकडे बिलाची झेरॉक्स मागावी तर त्याला वाटते, हा उद्या खोलीवर हक्क सांगेल. यादीत नाव आल्याने कोणाला घराचा हक्क मिळत नाही, पण हे मालकाला भाडेकरूने कोणत्या तोंडाने सांगायचे? खोली खाली करायला लागेल ही धास्ती त्यालाच असते.

आमच्या गल्लीतल्या एक बाई चार घरी पोळ्या करतात. सहा वर्षे घणसोलीतच आहेत, खोल्या मात्र तीन बदलल्या. लग्नानंतर माहेरच्या यादीतून नाव गेले, सासरी लागलेच नाही. २०२४ मध्ये २० मे रोजी लोकसभेचे मतदान झाले, २० नोव्हेंबरला विधानसभेचे. दोन्ही दिवशी त्या कामावर गेल्या. मी त्यांना एका मदत केंद्रावर घेऊन गेले. ‘भाडेकरार आणा, नाहीतर लाइट बिल,’ एवढे ऐकून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. त्यांचा दोन दिवसांचा खाडा झाला.

साहेब, नमुना ६ मध्येच, म्हणजे नाव नोंदवण्याच्या अर्जातच, याचे उत्तर छापलेले आहे. पाणी-वीज-गॅसचे बिल, आधार, पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काहीच नसेल तर दुसरा पुरावा देता येतो आणि मग जागेवर जाऊन पडताळणी करणे बंधनकारक आहे. बेघरांसाठी तर आयोगाने कागदाची अटच ठेवलेली नाही. बीएलओने रात्री त्या जागी जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे. फुटपाथवर झोपणाऱ्याचा इतका विचार झाला आहे, तर खोलीत राहणारी बाई खिडकीवरूनच का परत जावी? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदाही सांगतो की केवळ घराची मालकी आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. कायदा माणूस कुठे राहतो ते विचारतो. खिडकीवर मात्र बिल कोणाच्या नावावर आहे ते विचारतात.

आणखी एक गोष्ट. मतदार कार्ड हरवले म्हणून मतदानाला न जाणारे मला दर निवडणुकीत भेटतात. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेले पासबुक असे पर्याय चालतात, हे वस्त्यांमध्ये कोणी मोठ्याने सांगत नाही. उलट बाजूने, कार्ड जपून ठेवलेल्यांचे नाव यादीतून गेलेले असते आणि ते केंद्रावर गेल्यावरच कळते.

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक मदत केंद्रावर ठळक मराठीत फलक लावा: पत्त्याचा पुरावा नसला तरी अर्ज घेतला जाईल आणि बीएलओ घरी येतील. पावती दिल्याशिवाय कोणालाही परत पाठवू नये, असे लेखी कळवा. पडताळणी रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर व्हावी, कारण दुपारी या खोल्यांना कुलूपच असते. पोस्टाने आलेले ओळखपत्रही त्याच कुलपामुळे परत जाते. बीएलओंना या जादा वेळेचा मोबदला आणि शाळेच्या कामातून सवलत द्या, नाहीतर सगळा भार पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येईल. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झाली का ते मोजण्याच्या तारखा, आहेत, तेव्हा हे काम निवडणुकीची वाट पाहत थांबायचे कारण नाही. मजूर सकाळी आठला नाक्यावर उभे असतात. त्या वेळी तिथेच एक टेबल मांडले तर त्यांचा रोज बुडणार नाही.

पोळ्या करणाऱ्या बाईंचा अर्ज मी पुन्हा भरला आहे. पत्त्याच्या पुराव्याच्या रकान्यात ‘जागेवर पडताळणी करावी’ असे लिहिले आहे. त्या रविवारी सकाळी अकरापर्यंत घरी असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
घणसोली, नवी मुंबई