घर गहाण आमचं, विक्री मात्र आमच्या नकळत

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात आतल्या पानांवर बारीक टायपात 'ताबा सूचना', म्हणजे कर्ज थकलेल्यांच्या गहाण घरांचा ताबा घेतल्याच्या जाहिराती, छापून येतात. पूर्वी मी ते पान न वाचताच उलटायचो. गेल्या वर्षापासून चष्मा पुसून एकेक नाव वाचतो, कारण त्यात माझं नाव यायचं थोडक्यात राहिलं.

मी एसटीचा निवृत्त वाहक. पत्नीच्या आजारपणात गृहकर्जाचे हप्ते थकले. 90 दिवस उलटले की खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत, ठरतं, तसं ठरलं. जरा सावरल्यावर बँकेत दोन हप्ते भरले, शिक्क्याच्या पावत्या घेतल्या. महिन्याभरात कधी नावही न ऐकलेल्या एका कंपनीची, 60 दिवसांत सगळी रक्कम भरा, अशी नोटीस आली. कर्ज म्हणे आता आमचं. येणे रकमेत माझे ते दोन हप्ते नव्हतेच. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "काका, तुमची फाइल आता इथे नाही. विकली."

माझी पुतणी वकील आहे. तिने सांगितलं, थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला विकता येतं. त्यात गुंतवणूकदारांचा पैसा असतो, आणि कर्जदाराची संमती लागत नाही. इथवर ठीक. पण 2002 च्या सरफेसी कायद्याचं, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्तेतून कर्जवसुली करू देणाऱ्या कायद्याचं, कलम 6 तिने वाचून दाखवलं तेव्हा मी दोनदा विचारलं, नीट वाचलंस ना? कर्ज विकल्याची सूचना बँक 'योग्य वाटल्यास' देऊ शकते. वाटल्यास! घर माझं गहाण, आणि मला कळवायचं की नाही हे बँकेच्या मर्जीवर.

त्याच कलमात पुढे मात्र माझ्या कामाचं निघालं. सूचना दिलेली नसेल, तर विक्रीनंतर बँकेने घेतलेले पैसे नव्या कंपनीसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेले धरायचे. गाडी बंद पडली की आम्ही प्रवाशांना मागच्या गाडीत बसवायचो, तेच तिकीट चालायचं. तसंच हे, बँकेत भरलेले हप्ते नव्या कंपनीकडेही चालायला हवेत.

मग त्याच कायद्याच्या कलम 13(3ए) खाली कंपनीकडे लेखी हरकत घेतली, पावत्यांच्या झेरॉक्स जोडून, रजिस्टर पोस्टाने. अशा हरकतीला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. बाराव्या दिवशी आलं. दोन्ही हप्ते जमा धरले होते, दिलगिरीचा शब्द नव्हता. हरकत फेटाळली असती तरी त्या उत्तराविरुद्ध लगेच दाद मागता येत नाही. कंपनीने ताब्याचं पाऊल उचललं, की त्यानंतर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. लोक इथेच चुकतात. नोटीस कपाटात ठेवतात आणि ताबा घ्यायला माणसं आली की धावतात.

दुसरी चूक याहून महाग पडते. माझ्या ओळखीचे एकजण म्हणायचे, लिलावाच्या दिवशी सगळे पैसे नेऊन टाकू. पूर्वी ते चाललं असतं. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळी थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये हेच सांगितलं. म्हणजे आपल्या पेपरात ती जाहिरात आली, की हातात नोटा असूनही उपयोग नाही. बिचाऱ्यांना ते माझ्याकडूनच कळलं, तेही उशिरा.

कर्ज विकल्याने करारातल्या अटी बदलत नाहीत. कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यावी लागतात. देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश एआरसीलाही लागू आहे. हे सगळं मला पुतणीमुळे कळलं. प्रत्येकाच्या घरी वकील पुतणी नसते.

म्हणून आमच्या खासदारांना माझी विनंती आहे, आपण ती छापावी. कलम 6 मधलं 'देऊ शकते' काढून 'दिलीच पाहिजे' घाला. ती सूचना विक्रीनंतर 15 दिवसांत, कर्जदाराच्या भाषेत, खात्याच्या पूर्ण उताऱ्यासह यावी, आणि जामीनदारालाही जावी. माझा जामीनदार माझा मेहुणा आहे. त्याला अजून काहीच आलेलं नाही.

– एक निवृत्त एसटी वाहक