बोटीसाठी म्हणून विकलेला पायपंप आणि पंख्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बोटीवरील गृहोपयोगी संचातील सदोष वस्तूंचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझा धाकटा भाऊ आणि भावजय गोव्यात शिडाच्या बोटीवर राहतात. त्यांचा सगळा संसार तिथेच आहे. त्यांच्यासाठी मी लातूरहून तुमचा संच मागवला. पैसे मी भरले, बिल माझ्या नावाचं आहे, म्हणून तक्रारही मीच करते आहे. बिलाची प्रत, फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

मुख्य तक्रार पायपंपाची. बोटीवर गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच. ते संपलं की बोट धक्क्याला लावून पुन्हा भरावं लागतं. म्हणून सिंकखाली पायाने दाबायचा पंप बसवतात. दाबाल तेवढंच पाणी येतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि वीजही लागत नाही. सोय इतकी चांगली आहे की संच मी मुळात याच पंपासाठी घेतला. पण थोड्याच दिवसांत त्याची स्प्रिंग गंजली. आता पेडल खाली गेलं की वर येत नाही, हाताने ओढावं लागतं. जोडातून दर दाबाला पाणी गळतं ते वेगळंच. भावजयीने तळाची फळी उचलली तेव्हा पिण्याचं पाणी खाली साचलं होतं आणि त्यावर गंजाचा तांबूस थर होता. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा कळशी कळशी मोजून दिवस काढलेत. प्यायचं पाणी असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

तुमच्या खोक्यावर 'मरीन ग्रेड स्टेनलेस स्टील' असं छापलं आहे. बाजारात मरीन ग्रेड म्हणतात ते ३१६ नंबरचं स्टील. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत टिकाव धरतं. ते इतक्या लवकर असं गंजत नाही. ही स्प्रिंग कोणत्या धातूची आहे, ते मला लेखी कळवावे.

दुसरी वस्तू १२ व्होल्टचा पंखा. भर दुपारी सोलरवर बॅटरी चार्ज होत असताना तो जळाला. तुमच्या सेवा केंद्राने फोनवर उत्तर दिलं, "व्होल्टेज जास्त झालं, वॉरंटी लागू नाही." अहो, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातेच! बोटीवर हे रोजचं आहे. जो पंखा एवढंही सोसत नाही, तो बोटीसाठी म्हणून विकलात कसा?

घडीची बादली उत्तम आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. चुंबकाचे मसाल्याचे डबेही बोट कलली तरी जागचे हलत नाहीत. पण होकायंत्राजवळ चुंबक ठेवला तर सुई चुकीची दिशा दाखवते, आणि ही सूचना तुमच्या माहितीपत्रकात कुठेच नाही. भावाला ते माहीत होतं म्हणून निभावलं. नवख्या माणसाने हे डबे होकायंत्राशेजारी लावले तर? ही सूचना डब्यावरच ठळक छापा.

पंप आणि पंख्याचे पूर्ण पैसे पंधरा दिवसांत परत करावेत. हाच पंप घेतलेल्या इतर ग्राहकांनाही गळतीबद्दल कळवावे. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे तुमचं कार्यालय दूर असल्याने माझं काही अडणार नाही.

वस्तू परत नेण्यासाठी तुम्ही लातूरच्या पत्त्यावर माणूस पाठवणार असल्याचा संदेश आला आहे. तो रद्द करावा. दोन्ही वस्तू गोव्यात बोटीवर आहेत, तिथला पत्ता आणि भावाचा फोन नंबर सोबतच्या कागदावर दिला आहे. येण्याआधी फोन करावा, बोट धक्क्यावर असेलच असं नाही.

आपली,
तक्रारदार ग्राहक
लातूर