नाटकाच्या माईकवरून हत्तींचीही खबर द्या

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, मंडयांना (रात्रभर नाटकं चालणाऱ्या गावजत्रांना) सुरुवात झाली. आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने सुचवलं आहे की रात्री जंगलातून मोटरसायकली पळवणाऱ्यांना आवरा आणि नाटकं संध्याकाळीच उरकायला लावा. त्यांची काळजी खरी आहे, पण उपाय उफराटा आहे. संध्याकाळी सुरू झालेलं नाटक बारा-एकला सुटणार. म्हणजे पेंगुळलेल्या माणसांच्या शेकडो गाड्या नेमक्या नको त्या वेळी जंगलात शिरणार. झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं ते काही उगाच नाही. बैलबंडीने आलेला पाहुणा रात्री जंगल तुडवत परत जाऊ नये, याची सोय त्यातच होती.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेला माणूस. गाईम्हशींच्या निमित्ताने या भागातले सगळे आडरस्ते पायाखालचे. यंदा भाऊबीजेनंतर पुतण्याला मागे बसवून अर्जुनी मोरगावहून गोठणगावमार्गे गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात इवायाच्या (व्याह्यांच्या) गावी मंडईला गेलो. गाडी जुनीच, स्प्लेंडर. तिचा दिवा पिवळा आणि मंद, त्याचं पुतण्याला हसू येतं. पण समोरून येणाऱ्या पोरांच्या पांढऱ्या लखलखीत दिव्यांनी माणूस आंधळा होतो, जनावराचं तर विचारूच नका. ते जागच्या जागी खिळून उभं राहतं. चितळांचं आणखी एक आहे. एक आडवं गेलं म्हणजे रस्ता मोकळा झाला असं होत नाही, मागची सगळी त्याच्या मागोमाग उड्या टाकतात. धडका होतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या चितळाशी. रानडुकरांचंही तेच, आणि डुक्कर तर पोलादाच्या गोळ्यासारखं लागतं.

ही जनावरं तरी आम्हाला जुनी. हत्ती नवे आहेत. ओडिशातून निघालेला कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोली जिल्ह्यात आला तो २०२१ च्या ऑक्टोबरात. पुढच्या वर्षी आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातही येऊन गेला. मंडईचे दिवस म्हणजे धान कापणीचे दिवस. बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले असतात आणि हत्तीला तो वास लांबून येतो. चितळाचे डोळे दिव्यात चमकतात, म्हणून माणूस ब्रेक तरी दाबतो. हत्तीचं अंग डांबराच्याच रंगाचं. अंधाऱ्या वळणावर तो उभा असेल तर अगदी जवळ जाईस्तोवर रस्ताच काळा दिसतो आहे असं वाटतं.

आता जेवणाचं सांगतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. मंडईच्या दिवशी इवायाच्या घरून जेवल्याशिवाय सुटका नसते. अंगणात सारवून पंगत मांडलेली, मटणाचा लालभडक रस्सा, वर सांबार (कोथिंबीर) पेरलेला, उडदाचे वडे, तांदळाची रोटी आणि एचएमटीचा मोकळा भात. (हा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. तो खाणारे सगळे, नाव आठवणारे थोडे, म्हणून लिहितो.) इहीणबाई वाढता वाढता आग्रहाने पत्रावळ भरून टाकतात. माझ्या शेजारी गावातला एक माणूस जेवत होता, हत्तींच्या मागावर असलेल्या पथकात मजुरीने जाणारा. भात कालवता कालवता तो सहज म्हणाला, "रातच्यानं त्या फाट्यानं जाजा नोका. हत्ती उतरले आहेत पुंजण्यायवर."

पंगतीतल्या आम्हा दहा-वीस जणांना हे कळलं. तिकडे नाटकाच्या मंडपात हजारावर माणसं बसली होती आणि त्यांतली कितीतरी त्याच फाट्याने परतणार होती. माईक तिथे होता, निवेदकही होता. प्रवेशाआधी देणगीदारांची नावं वाचून झाली, सरपंचांचे आभार झाले, हरवलेल्या चपलेचीही सूचना झाली. हत्तींबद्दल अवाक्षर नाही. मध्यंतरात मीच मंचामागे जाऊन सांगितलं, तर मंडळाचा पोरगा म्हणाला, "काका, लोक घाबरून उठून जातील, उरलेल्या खेळाचं काय?" त्याचंही चूक म्हणवत नाही. तिकिटांवरच सगळा हिशेब असतो. पण फाट्याचं नाव सांगून 'तिकडचे लोक सकाळीच निघा' म्हटलं, तर कोण उठेल? उलट पूर्ण खेळ बसून पाहतील.

पुतण्याही दोनच्या सुमारास चुळबुळ करू लागला होता, त्याला सकाळी दुकान उघडायचं होतं. मी हललो नाही. उजाडल्यावर चहा घेऊन निघालो तेव्हा फाट्याच्या अलीकडेच एका बांधीतला पुंजणा विस्कटून सगळीकडे पसरलेला दिसला. शेणाच्या मोठाल्या गोळ्यांमधून अजून वाफ निघत होती.

वाघाच्या बाबतीत लोकांना शहाणं करायला फार किंमत मोजावी लागली. १३ माणसांचा बळी घेणारा सीटी-१ वाघ २०२२ च्या ऑक्टोबरात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा वनविभागात पकडला, तेव्हा कुठे गावं सुटकेचा श्वास घेऊ शकली. हत्तींबाबत तितकी वाट पाहायची का?

वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांची राजधानी, कंपन्यांची कार्यालयं तिथलीच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. अशी रंगभूमी बंद करा किंवा लवकर गुंडाळा म्हणणं मला पटत नाही. त्यापेक्षा नाट्यमंडळांनी आणि मंडई समित्यांनी त्या दिवशी संध्याकाळी वनरक्षकाला एक फोन करावा, कळप कुठल्या बाजूला आहे ते विचारावं आणि नांदीआधी व मध्यंतरात माईकवरून गावांची नावं घेऊन सांगावं. ज्यांना झोप आवरत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या वऱ्हांड्यात दोन ताडपत्र्या टाकून ठेवाव्यात. हंगाम होळीपर्यंत आहे, आतापासून सुरू केलं तरी पुष्कळ प्रयोग बाकी आहेत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया