धारेचा टिकाऊपणा मोजून सांगावा

संपादक महोदय,

हाताने घडवलेली सुरी दाखवताना कागदाची पट्टी अलगद चिरून किंवा मनगटावरची लव उतरवून तिला ‘उत्तम’ ठरवण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. स्वतः सुऱ्या घडवणारा या नात्याने त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. अशा प्रात्यक्षिकातून सुरी आज किती तीक्ष्ण आहे एवढेच कळते. ती धार किती टिकेल, याचे उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही.

आयएसओ ८४४२-५ या आंतरराष्ट्रीय मानकात सुरी यंत्रात धार वर करून बसवतात आणि ५ टक्के सिलिका असलेल्या जाड कागदाच्या गठ्ठ्यावर ५० न्यूटन, म्हणजे सुमारे पाच किलो वजनाइतक्या भाराने ६० फेऱ्या चालवतात. पहिल्या तीन फेऱ्यांतील कापावरून तीक्ष्णता ठरते, तर सर्व फेऱ्यांच्या बेरजेवरून टिकाऊपणा. हे यंत्र लहान कार्यशाळेला परवडणारे नाही, हे मान्य. म्हणून मी वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर जाड दोर कापतो. पात्याचा ठरावीक दोन बोटे भागच वापरतो, दर दहा कापांनंतर कापताना काट्यावर पडलेला भार टिपतो (धार बोथटेल तसा तो वाढतो) आणि तो सुरुवातीच्या दुप्पट झाला की थांबतो.

एकाच पोलादी पट्टीतून घडवलेल्या आणि एकत्रच पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या, दोन सुऱ्या मी अशा तपासल्या. एकीला दोन्ही बाजूंनी १५ अंशांची धार होती, दुसरीला २० अंशांची. जाड धार जास्त टिकेल अशी माझी खात्री होती, परंतु दोरावर बारीक धारच पुष्कळ पुढे गेली. वाळलेल्या लाकडाच्या गाठीवर मात्र तिलाच आधी दाते पडले. तेव्हा कोन आणि कापलेली वस्तू न सांगता दिलेल्या आकड्यावरून पोलादाची पारख होणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर कोरडे पाते घासताना पातळ कड क्षणात तापते. तिच्यावर निळा रंग चढला म्हणजे ती ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली आणि तिथला कडकपणा उतरला. पुढे पॉलिश करताना रंग निघून जातो, मऊपणा तसाच राहतो. अशी सुरी पहिल्या चाचणीत कमी पडते, पण दगडावर दोन-तीनदा धार लावून मऊ थर निघाला की सुधारते. म्हणून चाचणी हाताने, पाणी घेऊन धार लावल्यानंतरच करावी आणि शेवटी धार भिंगाखाली पाहावी: ती वळली आहे, तिला दाते पडले आहेत, की ती नुसती झिजून गोल झाली आहे? पहिल्या दोन दोषांत पाणी देण्याची कृती किंवा कोन तपासावा लागतो, तिसरी झीज कोणत्याही धारेला चुकलेली नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनी प्रत्येक सुरीसोबत पोलादाचा प्रकार, धारेचा कोन, काय कापले आणि किती कापांनंतर भार दुप्पट झाला, एवढे चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि ग्राहकांनी ती चिठ्ठी मागून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक सुरी-कारागीर